चार अर्धवट वाकळा

२०२४ च्या डिसेंबरात बेळगावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी झाली. शहरभर रोषणाई होती, वर्तमानपत्रांत जुनी छायाचित्रे येत होती आणि घरोघरी कुणा ना कुणा आजोबांची आठवण निघत होती. आमच्याही घरात निघाली. आमचे आजोबा त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे होते. अधिवेशनात स्वयंसेवक म्हणून राबले, गांधीजी येणार म्हणून त्यांनी हातसुताचा सदरा शिवून घेतला, असे आम्ही वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो. सदरा विरल्यावर आजीने त्याचे कापड वाकळेत घातले, असेही ऐकले होते. शताब्दीच्या निमित्ताने ते कापड शोधावे, त्याचा फोटो घ्यावा, जमल्यास कुठे प्रदर्शनात ठेवावे, अशा हौसेने आम्ही तिघे भावंडे शहापूरच्या जुन्या घराच्या माळ्यावर चढलो.

माळ्यावर आईची पत्र्याची ट्रंक होती. तीत पुरी झालेली वाकळ एकही नव्हती. होत्या त्या चार, आणि चारही अर्धवट. एकीच्या चारी कडा शिवून झालेल्या. दुसरी निम्म्यावर आलेली. तिसरीचे नुसते थर टाचून ठेवलेले. चौथीत सुई अडकलेली, तशीच गंजून गेलेली. सोबत कुंद्याच्या रिकाम्या डब्यात दोऱ्याची रिळे, पितळी अंगुस्तान आणि मेणाचा एक तुकडा. नातवंडे चार, वाकळा चार. हिशेब लागायला वेळ लागला नाही. पण कुठली कुणाची, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती घरात होती आणि तिला ते आता सांगता येत नव्हते.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. त्याआधीची दोन वर्षे आम्ही ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली होती. आमटीत मीठ दोनदा पडायचे. सुनेच्या नावाने लेकीला हाक जायची. एका संध्याकाळी ती हातात पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि “चंदगडची गाडी किती वाजता?” म्हणून विचारू लागली. तिचे माहेरचे कुणीच आता तिथे राहत नाही. वाकळा त्याच सुमारास थांबल्या असणार. वर्षानुवर्षे दुपारी सोप्यात शिवत बसणारी बाई शिवायची थांबली आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नाही.

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा आमच्याकडे ‘जुन्या शहापूरविषयी काहीतरी ऐतिहासिक’ मागितले होते. आमच्याजवळ आहे तो इतिहास या ट्रंकेतला. तोच मांडतो.

वाकळ, गोधडी, कौदी

देशावर जिला गोधडी म्हणतात तिला आमच्या भागात वाकळ म्हणतात, आणि शेजारची कानडी माणसे कौदी म्हणतात. बाळाची असेल तर दुपटे. नावे निराळी, रीत बहुतेक एकच. जुने सुती लुगडे खाली अंथरायचे, त्यावर विरलेली धोतरे, पंचे, धडपी, परकराचे घेर असे थर पसरायचे, वरून दुसरे लुगडे घालायचे, कडा आत मुडपायच्या आणि धावदोऱ्याने सगळे एकत्र बांधायचे. आत कापूस नसतो. कापूस भरला की ती रजई किंवा दुलई झाली. ती पिंजाऱ्याकडून भरून घ्यायची. वाकळेला विकतचे काही लागत नाही, सुई आणि दोरा सोडून.

कापडाला कापड जोडून पांघरण्याची चाल फार जुनी. टाकून दिलेल्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र बौद्ध भिक्षू वापरत, त्याला पांसुकूल म्हणत. संस्कृतातली ‘कंथा’ म्हणजेही ठिगळांचे पांघरूण, आणि बंगालचा कांथा त्याच घराण्यातला. आपल्याकडे गाडगेबाबांचा चिंध्यांचा अंगरखा सगळ्यांनी चित्रांतून पाहिलेला आहे. ठिगळ हे एका बाजूला वैराग्याचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला गरिबीचे. वाकळ मात्र या दोहोंच्या मधली, संसारी गोष्ट. ती गरिबाघरी असे आणि खात्यापित्या घरीही असे. फरक इतकाच, की एकीकडे आत सातवे-आठवे ठिगळ असे आणि दुसरीकडे वरती जरा बऱ्या काठाचे लुगडे.

आपल्या भागातल्या कौदीविषयी बोलताना खानापूर, हल्याळ आणि यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची आठवण ठेवलीच पाहिजे. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि गोव्यातून निसटून घाटावरच्या रानात वसलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या बायका ज्या ‘कवंदी’ शिवतात त्या आज परदेशातल्या संग्राहकांपर्यंत गेल्या आहेत. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत मध्याकडे शिवत जातात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. आमच्या आईची शिवणही बाहेरून आत जाणारी आहे. कोणी कुणाकडून घेतले, हे आम्ही सांगू जात नाही. एकाच पावसात राहणाऱ्या, एकाच बाजाराला येणाऱ्या बायकांच्या हाताला सारखी रीत लागली, इतके म्हणता येते.

काठांवरून ओळखलेला मुलूख

आईला प्रश्न विचारून उपयोग नव्हता. “हे कुणाचं लुगडं?” म्हटले की ती कधी “माझं” म्हणे, कधी “ठाऊक नाही बाई”, आणि कधी प्रश्नालाच घाबरून जाई. परीक्षा घेतल्यासारखे तिला वाटत असावे. मग आम्ही तिला विचारणे सोडले आणि कापडाला विचारू लागलो.

वरच्या थरात सगळ्यात जास्त होती ती शहापुरी लुगडी. आज शहापूर म्हणजे बेळगावचा एक भाग. पण १९४८ पर्यंत शहापूर हे सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते आणि पलीकडचे बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. रस्ता ओलांडला की राज्य बदले. संस्थानी पेठ म्हणून शहापूरला विणकर, रंगारी, सराफ आणि कापडाचे व्यापारी यांची वस्ती दाट झाली. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात घरोघर मागाची खडखड असे. आजोबा अशाच एका कापड दुकानात दिवाणजी होते. दुकानातली डाग पडलेली, काठ चुकलेली लुगडी सणाला घरी येत. म्हणून आमच्या वाकळांत काही काठ असे आहेत की एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसराच.

त्याखालोखाल इरकली. बागलकोटकडच्या इळकलची ही लुगडी आपल्या बायकांनी इतकी आपली मानली, की ती कानडी की मराठी हा प्रश्नच त्यांना कधी पडला नाही. इरकली ओळखावी पदराच्या सांध्यावरून. पदराचा लाल ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. हाताने चाचपले तर तिथे बारीक गाठींची ओळ लागते. लुगडे फाटते, विरते, पण हा सांधा टिकतो. एका वाकळेच्या मधोमध आईने तो सांधा मुद्दाम उभा घेतला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गोमी काठ. खणांचे तुकडे मात्र मोठे कुठेच नाहीत. गुळेदगुड्डचा खण चोळीला लागे आणि चोळी फाटून उरणार ती किती. पण कोपऱ्यांवर तळहाताएवढे खण आहेत, हिरवे, लाल, एक अंजिरी.

आतल्या थरांतली धोतरे आणि पंचे गिरणीच्या सुताचे. इथे आणखी एक गोष्ट जुळली. घटप्रभेच्या पाण्यावर गोकाकच्या धबधब्याशी १८८० च्या दशकात सूतगिरणी उभी राहिली. इकडच्या मागांना मिळणारे बरेच सूत तिथले. आईचे माहेर चंदगड तालुक्यात, ताम्रपर्णीच्या काठी. नवरात्राआधी घरातल्या झाडून साऱ्या वाकळा नदीवर नेऊन, दगडावर आपटून धुवायच्या, हे तिचे लहानपणचे काम. ती ताम्रपर्णी पुढे घटप्रभेलाच मिळते. ज्या पाण्यात वाकळा धुतल्या जात, तेच पाणी पुढे गिरणीची चाती फिरवी.

चंदगडचे नाव निघाले म्हणून सांगतो. आईच्या लहानपणी चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड तेवढे तोडून कोल्हापूरला जोडले गेले. आई १९६१ साली लग्न होऊन शहापूरला आली. म्हणजे जन्माने एका जिल्ह्यातली मुलगी लग्नाने दुसऱ्या राज्यात आली, आणि अंतर तर तेवढेच, एका एस.टी.चे. सीमेच्या या साऱ्या इतिहासावर आपल्या मंडळात दरवर्षी बोलले जाते आणि बोललेही पाहिजे. पण आईने त्यावर काही बोललेले आम्हाला आठवत नाही. तिने केले ते इतकेच: माहेरची धडपी आणि सासरची धडपी एका वाकळेत घातली. ती कुठली कोणती, हे आता शिवणीवरूनही कळत नाही.

सदऱ्याचे कापड

आम्ही ज्यासाठी माळ्यावर चढलो होतो ते कापड तिसऱ्या वाकळेत सापडले, जिचे थर नुसते टाचलेले होते. सगळ्यात आतला थर, जाड, पिवळट पांढरा, खरखरीत. धाकट्याने हात लावल्याबरोबर म्हटले, “हीच खादी.” आम्हा सगळ्यांचे अंग शहारले.

१९२४ चे अधिवेशन आणि खादी यांचे नाते जवळचे. २६ आणि २७ डिसेंबरला टिळकवाडीत ते भरले. गांधीजींनी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्षपद घेतले, ते इथे. व्यवस्था पाहणारे गंगाधरराव देशपांडे हे हुदलीचे आणि खादीच्या कामाला वाहून घेतलेले. अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे. याच अधिवेशनात असा नियम झाला, की काँग्रेसचे सभासद व्हायचे तर चार आणे देऊन भागणार नाही, महिन्याला दोन हजार वार हातसूत द्यावे लागेल. नियम फार दिवस चालला नाही, पुढच्याच वर्षी तो सैल करावा लागला. पण त्या हिवाळ्यात बेळगावात चरखा आणि टकळी यांचा जो बोलबाला झाला असेल, त्याची कल्पना यावरून येते. आमचे आजोबा त्या गर्दीत होते, आणि त्यांचा सदरा आमच्या हातात होता.

थर नीट पसरून फोटो घ्यावा म्हणून ताईने टाचणीचे टाके उसवले. कापडाची मुडपलेली कड उलगडली. कडेला निळसर शाईचा पुसट शिक्का होता. काही अक्षरे, एक आकडा, आणि किंमत असावी असे दिसणारा दुसरा आकडा. आम्ही भिंग आणले. हातसूत असते तर धागा कुठे जाड कुठे बारीक, पीळ कुठे घट्ट कुठे ढिला दिसला असता. इथे सगळे धागे सारखे. कापड गिरणीचे होते.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली, की १९४३ साली सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरण्यांनी कापडावर किंमत छापावी आणि त्याच किमतीला ते विकले जावे, अशी व्यवस्था केली. रेशनसारखे ठरलेल्या दुकानातून, ठरलेले वार कापड मिळे. शिक्का त्या काळचा असावा असे आम्हाला वाटू लागले, पण खात्री होईना. धाकटा तर ऐकायलाच तयार नव्हता. वडील खोटे कशाला सांगतील, हे त्याचे म्हणणे.

आई शेजारी बसलेली होती. आमचा वाद चालला असता तिने ते कापड ओढून मांडीवर घेतले, अंगठ्याने आणि बोटाने चोळून पाहिले आणि म्हणाली, “कंट्रोलचं हाय ते. सासूबाई सांगायच्या. पोटुशी होत्या तवा रांगेत उभं राहून आणलं.” मग थोड्या वेळाने पुन्हा तेच, त्याच शब्दांत. पुन्हा एकदा. त्या दुपारी तिने ते पाच-सहा वेळा सांगितले. सकाळी काय खाल्ले ते तिला आठवत नव्हते.

आम्ही तिघे गप्प बसलो. तिला हे नेहमीच माहीत होते. आजी आणि ती, दोघी सासूसुना, याच सोप्यात समोरासमोर बसून वाकळा शिवत. त्यात कापडाची ही हकीकत एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात गेली होती. वडील ओसरीवर बसून आम्हाला १९२४ सांगत, तेव्हा आत बसलेल्या आईला १९४३ ठाऊक होते. कुणी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नाही.

आजोबांच्या सदऱ्याची गोष्ट खोटी ठरली, असे आम्ही म्हणत नाही. ते अधिवेशनात राबले असतील, सदराही असेल. एवढेच, की आमच्या ट्रंकेतले कापड तो सदरा नव्हे. ते आजीने पोटुशी असताना रांगेत उभे राहून आणलेले कापड आहे. त्या वेळी तिच्या पोटात असलेले मूल म्हणजे आमची आत्या असणार, कारण वडील तेव्हा शाळेत जाऊ लागले होते. कापड प्रदर्शनात ठेवायचा बेत आम्ही सोडला. धाकट्याचे मन महिनाभर थाऱ्यावर नव्हते. रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांची शताब्दी कोणी करणार नाही, असे ताई त्याला म्हणाली. त्यावर तो काही बोलला नाही. पण ते कापड परत वाकळेत घालताना थर सारखे करायला तोच पुढे बसला.

हाताची आठवण

वाकळा पुऱ्या करायच्या, हे ठरले. कशा, यात आम्ही आधी चूक केली. पहिली वाकळ आम्ही एका शिंप्याकडे दिली. त्याने दोन दिवसांत यंत्रावर टिपा मारून दिली. टिपा रेघ मारल्यासारख्या सरळ. आईच्या मांडीवर ठेवली, तर तिने वरून हात फिरवला, मग उलटी करून हात फिरवला आणि बाजूला सारली. “ही कुणाची? परत द्या त्यांची त्यांना.” यंत्राच्या टिपेने थर दाबले जातात, वाकळ पुठ्ठ्यासारखी होते. हाताच्या टाक्याने दोन टाक्यांमध्ये थोडा फुगवटा राहतो आणि ऊब त्या फुगवट्यात असते. तिला ते बोटांनी कळले. आम्हाला सांगावे लागले. मग चार रात्री बसून आम्ही त्या टिपा उसवल्या.

दुसऱ्या खेपेला आम्ही सुईत दोरा ओवून, दोऱ्याला मेण लावून, वाकळ तिच्यासमोर अंथरली आणि काही न बोलता कडेला शिवायला बसलो. आमचे टाके वाकडे, अर्ध्या इंचाचे. ती थोडा वेळ पाहत राहिली. मग “सोड, सोड” म्हणून तिने ताईच्या हातातली सुई घेतली, अंगुस्तान बोटात घातले, डावा हात वाकळेखाली सरकवला आणि शिवू लागली. चार-पाच टाके सुईवर घेऊन मग ओढायचे, ही तिची पद्धत. एका रांगेपासून दुसरी रांग बोटभर अंतरावर. कोपरा आला की वळण. चार वर्षांत तिने सुई हातात धरली नव्हती.

मेंदूविषयी जाणकार सांगतात ते आम्ही नंतर वाचले. अमेरिकेत १९५३ साली एका तरुणावर अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवे काही लक्षात ठेवणे अशक्य झाले. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. प्रत्येक दिवशी त्याला वाटे, आपण हे आज पहिल्यांदाच करतो आहोत. पण हात दिवसागणिक सुधारत गेला. घटनांची आठवण आणि हाताच्या कसबाची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे त्यावरून दिसले. स्मृतिभ्रंशाचा सर्वांत नेहमीचा प्रकार, ज्याला अल्झायमर म्हणतात, तो सुरुवातीला घटनांच्या आठवणीवर घाला घालतो. हाताचे कसब त्या मानाने उशिरापर्यंत टिकते. उशिरापर्यंत, कायमचे नव्हे. ते आम्हाला माहीत आहे.

एक हिशेब आम्ही मांडून पाहिला. सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद वाकळ. रांगांमधले अंतर पाऊण इंच. म्हणजे सगळी शिवण एका रेषेत धरली तर चारशे बत्तीस फूट होते. इंचाला तीन टाके धरले तर पंधरा हजारांवर टाके. आईने लग्नानंतर किती वाकळा शिवल्या याची मोजदाद नाही. तीस-पस्तीस तरी असतील. हाताला आठवण्यासारखे पुष्कळ आहे.

वाकळ का थांबली

आमच्या घरातली वाकळ आईच्या आजाराने थांबली. पण गावातली त्याआधीच थांबत आली होती, आणि त्याचे कारण बायकांचा आळस नव्हे. वाकळेचा कच्चा माल म्हणजे जुने सुती लुगडे, आणि तेच नाहीसे झाले. १९६० नंतर नायलॉन, टेरिलीन आले. नऊवारीची पाचवारी झाली, म्हणजे जुन्या साडीत मिळणारे कापड जवळजवळ निम्म्यावर आले. कृत्रिम धाग्याची साडी विरतच नाही, मऊ होत नाही, घाम पीत नाही, आणि तिच्यावर टाका सरकतो. आमच्या शहापूर, वडगाव, खासबागच्या हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि त्यांवर कृत्रिम रेशमाच्या साड्या निघू लागल्या. ज्या गावाने वाकळेला लुगडी पुरवली, त्या गावानेच ती विणायची सोडली. वर सोलापुरी चादर स्वस्त झाली आणि ब्लँकेट भेट म्हणून येऊ लागले. आईच्या ट्रंकेत १९८० नंतरचे कापड जवळजवळ नाही. नातवंडांसाठी तिने जपून ठेवलेल्या जुन्याच लुगड्यांवर हात घातला होता, याचा अर्थ आम्हाला आता लागतो.

चौथी वाकळ

फेब्रुवारीपासून आम्ही रोज दुपारी बसलो. जेवण झाल्यावर, ऊन सोप्यात येते त्या वेळी. एक जण आईच्या उजवीकडे, सुया ओवून देणारा. एक समोर, वाकळ ताणून धरणारा. सुनेने आईच्या पद्धतीचा टाका शिकून घेतला. पुण्याचा नातू सुटीत आला तेव्हा त्यानेही दोन रांगा घातल्या. आईला तो कोण हे ठाऊक नव्हते. “बाप्यांचा टाका लांबच पडतो,” असे मात्र तिने त्याला सुनावले.

सगळे दिवस सारखे गेले नाहीत. काही दुपारी ती शिवलेले उसवत बसे. काही दुपारी सुई पाहून रडे आणि का ते सांगता येत नसे. एकदा तिने आमच्या सगळ्या रांगा उसवून टाकल्या, आपल्या तेवढ्या ठेवल्या. आम्ही पुन्हा घातल्या. दुसरी वाकळ एप्रिलात झाली, आधी उसवलेली पहिली मे महिन्यात, कंट्रोलच्या कापडाची तिसरी मृगाच्या पावसात. कुठली कुणाची, याचा निवाडा आम्हीच चिठ्ठ्या टाकून केला. ती असती तर तिने वेगळा केला असता, असे एकदा ताई बोलून गेली. आई समोर बसलेली होती. मग कितीतरी वेळ कोणी काही बोलले नाही.

चौथी, जिच्यात सुई अडकलेली होती, ती अजून चालू आहे. बाहेरून आत येणारी शिवण आता मध्यावर आली आहे. तळहाताएवढी जागा उरली आहे. आईचे टाके आषाढापासून लांब पडू लागले, मग वाकडे, आणि आता ती एकाच जागी पुन्हा पुन्हा टाका घालते, पुढे सरकत नाही. आम्ही ते टाके सरळ करत नाही. ती रोज दुपारी बसते, आम्ही दोरा ओवून देतो. लवकर संपवायची कुणालाच घाई नाही.

वाचकांना एकच विनंती. गणपती गेले, की नवरात्राआधी घरोघरी वाकळा, गोधड्या धुऊन गच्चीवर, परसात उन्हात पडतील. त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी खुर्ची द्या. प्रश्न विचारू नका. कापड तिच्या हातात द्या आणि ती काय बोलते ते लिहून ठेवा. लेखणीने चिंधीवर लिहून त्या वाकळेच्या कोपऱ्याला टाचलेत तरी पुष्कळ. आम्ही आमच्या तिसऱ्या वाकळेच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने एवढेच घातले आहे: ‘कंट्रोलचे कापड. आजीने रांगेत उभे राहून आणले. आईने सांगितले.’